शार्कला मराठीत काय म्हणतात

हसणार नाही असं वचन मी तुमच्याकडून घेत नाही, कारण ते तुम्ही पाळणार नाही. फक्त चहाचा कप खाली ठेवा. मागे हे सगळं ऐकताना माझ्या नणंदेनं तोंडातला चहा सोफ्यावर उडवला होता, आणि सोफा आमचा होता!

तर द्वारकेत आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि खाली पार्कात हिंदी, अशी तिन्हीची खिचडी झालेली ही मुलं. ‘मावशी, मला बहुत तहान लगी आहे’ म्हणणारी!

आणि मी कोण? मीही दिल्लीचीच पैदास. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही सरकारी क्वार्टरात वाढलो. पण माझं मराठी? अहो, एवढी घमेंड होती मला, की पुण्याला कुणाच्या लग्नाला गेले तरी तिथल्या लोकांचं व्याकरण सुधारून यायचे!

त्या दिवसांत वर्गाला उतरती कळा लागली होती. मुलं गळत चालली होती. सोसायटीचे सेक्रेटरी रोज लिफ्टमध्ये गाठून विचारायचे, “मॅडम, बच्चे आ रहे हैं ना? वो झुम्बावाली रूम मांग रही है.” झुम्बा! माझ्या वर्गाच्या जागी झुम्बा! म्हटलं, आता काहीतरी जबरदस्त शिकवायला हवं. मुलांना विचारलं. सगळी एका सुरात ओरडली, “शार्क!”

ठरलं. ‘समुद्रातले शिकारी’. पण माझ्या वर्गाचा एक कडक नियम आहे. इंग्रजी शब्द बोललात तर उठाबशा. मग शार्कला मराठीत काय म्हणायचं? व्हेल म्हणजे देवमासा, हे मला माहीत होतं. शार्कचं काय?

आमच्या ऑफिसात परकार म्हणून आहेत, दापोलीकडचे. डब्यात मासा नसला की त्यांचा चेहरा उतरतो. त्यांना विचारलं.

“शार्क ना? मोरी,” ते म्हणाले. “आम्ही मोरीच म्हणतो. काय कालवण होतं मॅडम!”

तुम्ही आत्ताच हसायला लागलात ना? हसा, हसा. तुमच्या घरी असेल मोरी. भांडी घासायची, पाय धुवायची जागा. आमच्या क्वार्टरात हे सगळं बाथरूममध्ये व्हायचं आणि त्याला बाथरूमच म्हणायचे. ‘मोरी’ हा शब्द माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो परकारांच्या तोंडून, आणि तो दात घेऊनच आला!

घरी आल्यावर नवऱ्याला ऐटीत सांगितलं, “शार्कला मराठीत मोरी म्हणतात.” नवरा साताऱ्याचा. पेपरातून डोकं काढून म्हणाला, “मोरी? अगं, पण मोरी म्हणजे आमच्याकडे...”

“तुमच्याकडे समुद्र आहे का?” मी विचारलं.

तो पुन्हा पेपरात गेला. शहाणा माणूस.

रविवारी वर्ग काय रंगला म्हणून सांगू! जमिनीवर निळ्या चादरी पसरल्या, खिडक्यांचे पडदे ओढले. मी स्वतः पाठीला पुठ्ठ्याचा पर बांधून चादरींवरून सरपटत होते. माझं वय विचारू नका. “मोरी अंधारात फिरते! मोरीच्या तोंडात दातांच्या रांगाच रांगा! एक दात पडला की मागचा पुढे येतो! आणि पाण्यात रक्ताचा थेंब पडला ना, की मोरीला लांबून वास लागतो...”

ओवी पाटील म्हणून सात वर्षांची चिमुरडी पुढेच बसते. डोळे एवढे मोठे करून म्हणाली, “मावशी, मोरी आपल्याला खाऊन टाकते?”

“सहसा नाही. पण आपण जखम घेऊन मोरीजवळ जायचंच कशाला?”

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्याच संध्याकाळी ओवी पार्कात पडली. गुडघा फुटला. रडत घरी गेली. तिची आजी सांगलीहून नुकतीच मुलाकडे राहायला आलेली. आजींनी गुडघा बघितला आणि म्हणाल्या, “केवढं रक्त आलंय गं! जा आधी मोरीत!”

विचार करा त्या पोरीचा! सख्खी आजी! रक्ताळलेला गुडघा! आणि म्हणते मोरीत जा!

ओवीनं जी किंकाळी फोडली ती म्हणे गार्डरूमपर्यंत ऐकू गेली. पोर पलंगाखाली शिरली ती बाहेरच येईना. “आजी मला मोरीत टाकते आहे! मम्मी, बचाओ!”

दुसऱ्या दिवशी मला आजींचा फोन.

“बाई, तुम्ही पोरांना काय शिकवलंय? आमची ओवी मोरीत जायला तयार नाही!”

माझी छाती अभिमानानं फुगली. शिकवलेलं इतकं डोक्यात बसलं! “बरोबर आहे ना आजी, जाऊच नये.”

“जाऊ नये? अहो, मी रोज जाते!”

“तुम्ही? मोरीत?”

“मग कुठं जाऊ? सकाळ-संध्याकाळ तिथंच असते मी. आमच्या मोरीला दात आहेत म्हणते पोरगी!”

“आमच्या मोरीला? आजी... तुमच्या घरी मोरी आहे?”

“आहे म्हणजे! मुलानं खास करून दिलीय मला, मागच्या बाल्कनीत. तुमच्या त्या बाथरूममध्ये मला नाही जमत.”

मी खुर्चीत बसले. बाल्कनीत शार्क! मुलगा बडा अधिकारी, कुठून तरी पिल्लू आणलं असणार. हल्ली लोक घरात काय काय पाळतात! “केवढी आहे हो?”

“असेल की चार फुटी.”

“बाई गं! पण पाणी खारं लागत असेल ना?”

“खारंच येतंय की इकडं! टँकरचं पाणी, तोंडात घालवत नाही.”

बघा! सगळं कसं जुळत होतं! आता हा दैवी योगायोग, दुसरं काय म्हणू?

“आणि निगा कशी राखता?”

“रोज ब्रशनं खसाखसा घासते. चार दिवसांनी फिनेल ओतते.”

“फिनेल?” मी किंचाळले. “आजी, मरेल हो!”

“मरायलाच ओततात की फिनेल!”

तो बिचारा जीव द्वारकेच्या बाल्कनीत रोज खसाखसा घासून घेतोय! मी ‘शार्क’ हा एक शब्द उच्चारला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण नाही! नियम म्हणजे नियम!

“आजी, मी येऊन बघू का?”

“या की! आणि पोरांनाही आणा सगळ्यांना. एकदा डोळ्यांनी बघू देत, आमच्या मोरीत भ्यायचं काय आहे ते!”

मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला: ‘या रविवारी वर्ग पाटील आजींकडे. प्रत्यक्ष मोरी पाहणे.’ मुलांच्या आईबाबांना वाटलं, काहीतरी स्वच्छतेबद्दल असेल. एका आईनं तर अंगठा उंचावून लिहिलं, ‘बिल्कुल जरुरी है!’ वर्ग सोडून गेलेली मुलंही परत आली. काहींच्या डोळ्यांवर पोहायचे चष्मे होते. एकानं हातावर फ्लोटर चढवले होते. मी मात्र पोटच्या मायेनं बाजारातून पाव किलो कोळंबी नेली होती. फिनेलवर जगणाऱ्या जिवाला एक दिवस तरी नीट जेवू दे!

आजी दारातच उभ्या होत्या. नवं नऊवारी नेसलेल्या. बाई मोरी बघायला येणार म्हणून पहाटेपासून घासूनपुसून तयारी. आम्हाला घेऊन मागच्या बाल्कनीत गेल्या. बाजूनं रांगोळी काढली होती हो! आजींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “ही बघा आमची मोरी!”

सगळे वाकलो.

एक चौकोनी कट्टा. वर नळ. घासलेला तांब्या. कपडे धुवायचा साबण.

“कुठंय?” मी विचारलं.

“ही काय!”

“यात?”

“यात काय यात? हीच!”

मुलं माझ्याकडे बघायला लागली. ओवी माझी ओढणी तोंडावर घेऊन मागे उभी. मी इकडे तिकडे पाहिलं आणि कोपऱ्यात मला दिसला पाण्याचा निळा ड्रम. मोठा, झाकण लावलेला. म्हटलं, अच्छा! लाजते वाटतं! हळूच झाकण उघडलं. आत अंधार. पाणी किंचित हलल्यासारखं वाटलं. “आलीच बरं का ती,” असं म्हणत मी पिशवीचं तोंड सोडलं आणि पाव किलो कोळंबी ड्रममध्ये ओतली.

आजींचं घराणं माळकरी. अंडं उकडलेल्या पातेल्यालासुद्धा हात न लावणारं. आणि ते त्या दिवसाचं सगळ्या घराचं पाणी!

आजींचा आवाज फुटला तो वरच्या मजल्यापर्यंत! “अहो बाई! मासे! माझ्या पाण्यात मासे!”

“आजी, मोरीसाठी आणले हो!”

“मोरीत मासे कोण घालतं!”

“मग मोरी खाते काय?”

आरडाओरडा ऐकून ओवीचे बाबा धावत आले. बनियनवर, गालाला साबण. मी रडवेली होऊन सांगितलं, “अहो, तुमचा शार्क कुठंय?”

“माझा... कोण?”

मग ओवीनंच सगळं फोडलं. “बाबा, मोरी मतलब शार्क! मावशीने सिखाया!”

ते भिंतीला टेकले. मग घसरत खाली बसले. हसता हसता साबण त्यांच्या डोळ्यात गेला, तरी थांबेनात. शेवटी आईला समजावून सांगितलं त्यांनी. आजी माझ्याकडे वळल्या.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “मी रोज माशाच्या तोंडात बसून भांडी घासते, असं तुम्हाला वाटत होतं?”

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, पण आम्ही पाचव्या मजल्यावर होतो.

“ड्रम धुवून देते,” मी एवढंच म्हणाले.

ओढणी खोचली, ड्रम आडवा केला आणि मोरीत उकिडवी बसून घासायला लागले. आजी वरून सूचना देत होत्या, “तळाला घासा. वास राहतोय.” मुलं भोवती गोल करून बघत होती. ओवी दाराच्या चौकटीला चिकटलेली. बराच वेळ गेला. मला काही झालं नाही, हे बघून ती एक एक पाऊल पुढे आली.

“मावशी, काटा तो नहीं ना?”

“नाही गं राजा. ये.”

तिनं आधी अंगठा टेकवला. मग पाय. मग नळ सोडला आणि खिदळत दोन्ही पाय पाण्यात आपटायला लागली. झालं! सगळीच पोरं मोरीत घुसली. मी मधे ड्रमसकट भिजून चिंब. आजींनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं वासामुळे. नाही हो, हसत होत्या! निघताना मला पोहे खाऊ घातले. वर म्हणाल्या, “मराठी बरं बोलता तुम्ही. दिल्लीच्या मानानं.”

माझी सगळी घमेंड त्या ‘मानानं’मध्ये वाहून गेली.

वर्ग मात्र वाचला. मुलं वाढली, झुम्बावालीला दुसरी खोली मिळाली. पण ही गोष्ट सोसायटीत काय, द्वारकेच्या सगळ्या सेक्टरांतल्या मराठी घरांत पोचली. आता माझं नाव कुणी घेतच नाही. ‘त्या मोरीवाल्या मावशी’ म्हटलं की झालं.

परवा एक अनोळखी फोन आला. नागपूरहून बदली होऊन आलेलं नवीन कुटुंब, शेजारच्या सेक्टरात. बाई फार अदबीनं बोलल्या. “नमस्कार. मोरीवाल्या मावशी ना? तुमचं खूप नाव ऐकलं हो. आमच्या मोरीत कालपासून पाणी तुंबलंय. कधी येऊन बघाल?”

मी रागानं फोन ठेवणारच होते. तेवढ्यात मागून आवाज आला. दोन मुलांचा, भांडतानाचा, अस्सल नागपुरी मराठीत.

मग काय करता? वर्गाला मुलं हवीच असतात.

गेले मी. पाना घेऊन गेले.