खालच्या वाडीचं पहिलं पाणी

शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी कुवेतमधल्या मंगफच्या घरात पोह्यांना फोडणी देत होते. पलीकडे गावाकडचा शिवराम होता. "बाय, आपले डॉक्टर गेले गो... झोपेतच गेले," एवढंच बोलला आणि रडायला लागला. माझ्या वडिलांच्या मृत्यूची बातमी मला शिवरामने द्यावी, आणि वर 'आपले' म्हणावं! मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. या माणसाने आणि त्याच्या अख्ख्या खालच्या वाडीने कित्येक वर्षं बाबांशी बोलणं टाकलं होतं.

बाबा खाडीकाठच्या आमच्या गावचे डॉक्टर. पलीकडच्या काठावरून कुणी "डॉक्टर होऽऽ" अशी हाक मारली की हातातलं ताट सरकवून होडीत बसायचे. पुढे गावाने आग्रह करून त्यांना सरपंचपदाला उभं केलं. राजकारण त्यांना कणभर जमलं नाही. मतं मागायला जायचे आणि ओटीवर बसून म्हातारीची नाडी बघत राहायचे. विरोधकाच्या घरी जाऊन तर त्यालाच, "रक्तदाब वाढलाय, आठवडाभर प्रचार बंद," असं सांगून आले, आणि तो बिचारा खरंच घरी बसला! बाबा निवडून आले त्यात या सल्ल्याचा वाटा किती, यावरून आई त्यांना जन्मभर चिडवायची.

पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर खालच्या वाडीत काविळीची साथ आली. वाडीच्या विहिरीत संडासाच्या खड्ड्याचं पाणी झिरपत होतं. वाडी बाबांच्या हक्काची, शिवराम तर त्यांचा उजवा हात. तो हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, मतदान होऊन जाऊ दे, मग बंद करा विहीर." बाबा म्हणाले, "कावीळ थांबणार आहे का रे मतदानापर्यंत?" दुसऱ्याच दिवशी विहिरीवर फळ्या ठोकल्या. भर उन्हात बायकांना वरच्या वाडीतून हंडे वाहावे लागले, खड्डा हलवायला कुणी जागा देईना, आणि बाबा निवडणुकीत पडले. पडल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण नंतर खालच्या वाडीतला माणूस तापाने फणफणला तरी खाडी ओलांडून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागला, ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. आई गेल्यावर दवाखान्याला कुलूप लावून ते माझ्याकडे कुवेतला आले.

मी शुऐबाच्या एका क्लिनिकमध्ये नर्स. मला वाटलं, आता बाबा माझे. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांना खैरानच्या किनाऱ्यावर न्यायचो. "छान आहे गो समुद्र," ते म्हणायचे, "पण पलीकडून कोणी हाक मारत नाही." संध्याकाळी फोन समोर ठेवून बसायचे. वरच्या वाडीचे फोन यायचे, खोकल्याबिकल्याचे. ज्यांचा यायला हवा होता त्यांचा येत नव्हता. खरं सांगते, तो कधी येऊच नये असं मला वाटायचं...

या वैशाखात तो आला. शिवरामचाच. "डॉक्टर, खड्डा हलवला, विहीर उपसली. पहिलं पाणी तुम्ही प्यायचं. तोवर वाडीत कोणी घोट घेणार नाही." बाबांचे डोळे भरून आले, आणि तोंडाने काय म्हणाले? "आधी पाणी तपासायला पाठव. रिपोर्ट बघितल्याशिवाय मी पिणार नाही!" रिपोर्ट चांगला आला आणि बाबा निघाले. त्यांना वाजतगाजत विहिरीवर नेलं, त्यांनी तांब्या तोंडाला लावला, ते मी इथून फोनवर पाहिलं. इतके खूश ते माझ्या घरात कधीच दिसले नव्हते. दवाखाना पुन्हा उघडला, आणि रांगेत सगळ्यात पुढे शिवराम.

पावसाळा संपता संपता ते गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. खांदा खालच्या वाडीने दिला म्हणे.

वैशाखात बाबा इथून निघाले तेव्हा मी त्यांचा राखाडी स्वेटर बॅगेत भरत होते, तर त्यांनी तो काढून पुन्हा खुंटीला अडकवला. "हा राहू दे इथेच. थंडीत येतोच आहे." आता कुवेतमध्ये थंडी पडू लागली आहे. गावाने त्यांना परत घेतलं, त्यांच्या मनासारखं झालं, हे मला कळतं. पण मला बाबा हवे होते... अजून हवे आहेत. गावात त्यांना स्वेटर कधी लागलाच नाही. तो त्यांनी माझ्या घरी राहायचं म्हणून घेतला होता. अजून खुंटीवरच आहे.