दिवलीच्या पायाशी पडलेली मते

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट कळत नाही. हे कागद कोणाच्या हाती पडलेच, तर त्याने तेवढे सांभाळून घ्यावे. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. शिवाय आम्ही घरात बोलतो ते कोकणी आणि शाळेत लिहायला शिकलो ते मराठी. मी सांगते त्या वर्षांत यावरूनच पेडण्याच्या बाजारात माणसे एकमेकांच्या अंगावर जात होती. मला दोन्ही आपलीच वाटत. पण मला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी बोलले नसते.

गोव्याला नुकताच वेगळ्या राज्याचा दर्जा मिळाला होता. आता पंचायतीत पैसा येणार, असे जो तो म्हणे. आमच्या वाड्यावर नळ नव्हता. ह्यांचे छोटे भुसारी दुकान होते, तिथे संध्याकाळी माणसे बसत. त्यांनीच ह्यांना चढवले, "तू उभो रव, नळ हाडूंक तूच जाय." नळ आणायला हेच हवेत, असे सगळ्यांचे म्हणणे. ह्यांच्याही मनाने घेतले की पंच व्हायचे.

पैसे नव्हते. पैसे होते ते आतेकडे. आते म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती अंगणाच्या, आमच्या खळ्याच्या, पलीकडच्या खोलीत राहिली. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच ह्यांना वाढवले. काजू, आमसोले विकून तिने स्वतःच्या क्रियेसाठी एका डब्यात पैसे जमवले होते. लाकडे, भट, बाराव्याचे जेवण, सगळे त्यातून व्हायचे होते. "माका कोणाच्या उपकाराच्या लाकडांवर जळूचा नाय," असे ती नेहमी म्हणे. ते पैसे तिने ह्यांच्या हातात दिले. "निवडान ये आणि परत दी," एवढेच म्हणाली.

पैसे जीपला गेले, भोंग्याला गेले, रोज रात्री दुकानामागे जेवणाऱ्या माणसांना गेले. ह्यांना चिन्ह मिळाले समई. आमच्याकडे तिला दिवली म्हणतात. समोर खाणीवर ट्रक लावणारा माणूस होता, त्याची छत्री. हे खूश झाले. म्हणाले, "दिवली सगळ्या बायकांच्या घरात आसा. समजावूक नको." मी आणि आते घरोघर गेलो. मी दारात उभी राहायची, बोलायची ती. "दिवलीक मत घाला गे बायांनो." बायका दिवलीच्या चित्राला हात जोडत. ते पाहून आम्हाला बरे वाटे.

मोजणी पेडण्याला झाली. हे सकाळच्या बसने गेले. म्हापशाहून आणलेल्या फटाक्यांच्या माळा दुकानात ठेवल्या होत्या. दुपार उलटली तसा लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग गुलालाने माखलेली पोरे ट्रकवर उभी राहून आमच्या दारावरून गेली. "दिवली विझली रे! छत्र्यो उघडा, छत्र्यो!" एकाने खरेच छत्री उघडली. आते खिडकीशी उभी होती, तिने जनेल ओढून घेतले.

हे शेवटच्या बसने आले. जेवले नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाले, "थोडक्यान गेलो. दिवलीच्या खाली शिक्के मारलेले. सगळे छत्रीच्या घरात पडले. इतके कशे चुकतले?" मग माझ्याकडे पाहून विचारले, "तुवें तरी दिवलीवर मारलंस मगे?"

"मारला," मी म्हणाले. खरेच मारला होता. त्याआधी शिक्का दोनदा मागे घेतला होता, ते सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण खळ्यात आली आणि हळहळू लागली. आते तिला अगदी सहज म्हणाली, "काय करतलंय गे, देवासमोरची दिवली ती. तिच्या तोंडार काळो शिक्को कसो मारूचो? मियां हात जोडले आणि पायाकडे मारलंय."

"मियां पण पायाकडेच," शेजारीण म्हणाली.

मताच्या कागदावर दिवली वर होती आणि तिच्या पायाखाली रेघ. रेघेखाली छत्री. दोघींनी एकमेकींना सांगितले नव्हते, तरी हात दोघींचे एकाच जागी गेले. वाड्यावरच्या आणखी किती म्हाताऱ्यांचे गेले, कोण जाणे. हे ओसरीवर दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, तांब्या खाली ठेवला आणि आत गेले. त्या दिवसापासून ते आतेशी बोलले नाहीत.

फटाक्यांच्या माळा चतुर्थीला दुकानात विकल्या. त्यानंतर आतेने एकदाच पैशांची आठवण काढली. ती दुकानाच्या पायरीशी उभी होती. हे आतूनच म्हणाले, "तुझ्या पैशांनी उभो रवलंय आणि तुझ्याच शिक्क्यान पडलंय. हिशोब मिटलो."

ती पायरीवरूनच आपल्या खोलीकडे वळली. त्यानंतर ती कमी जेवू लागली. मी ताट नेले की अर्धे परत करी. "तुमचा खाऊन मरान, तर लाकडा पण तुमचीच लागतली," म्हणे. तिला मरणाची भीती नव्हती. फुकट जळण्याची होती.

मी काजूच्या कारखान्यात जाऊ लागले. काजू फोडताना तेल लागून बोटांची साले निघतात, मीठ लागले की आग होते. शनिवारी हातात मजुरी पडे. घरात लागेल ते ठेवून उरलेले मी आतेच्या डब्यात टाकी. ह्यांना ठाऊक होते. त्यांनी मला अडवले नाही आणि कधी त्यात रुपया घातला नाही. दुकान पुढे बसतच गेले. नळ आला, तो छत्रीवाल्याने आणला. आमच्या दारापासून बराच लांब.

आते अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचे पैसे पुरे व्हायला थोडेच राहिले होते. त्या शनिवारी मी ह्यांना म्हणाले, "आज शेवटचे. आज तरी तुम्ही चला. ती वाट बघता." हे पुडीला सुतळी बांधत होते. "तू दी," म्हणाले.

मी एकटी गेले. आतेला एव्हाना दिसत नव्हते. मी डबा तिच्या छातीशी ठेवला आणि नोटा एकेक करून तिच्या बोटांना लावत मोजल्या. तिने मध्येच विचारले, "त्याणें धाडले?"

मी पुढची नोट तिच्या बोटांना लावली. मोजत राहिले. शेवटची नोट झाली तेव्हा तिने विचारले,

"पुरे झाले?"

"पुरे झाले, आते."

तिने झाकण चाचपून घट्ट बसवले आणि डबा दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे तोंड केले.