दर रविवारी बोटभर मागे

एका सोमवारी सकाळी अप्पांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "घे अक्का. आता पुरे," असं ते म्हणाले. मी किल्ली घेतली. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. आठ महिन्यांनी ते गेले.

लोकांना मी एवढंच सांगते. यात खोटं काही नाही. पण त्याच्या आधीचे पाच रविवार मी कुणालाच सांगितलेले नाहीत. भावाला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. अप्पांच्या फोटोसमोर उभी राहते तेव्हाही मी दुसरंच काहीतरी बोलते. आज तुम्हाला सांगते. जरा हळू सांगेन — मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, आणि खरं म्हणजे सगळं त्यातूनच सुरू झालं.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला गोलाईच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत दुकानापुढे गर्दी व्हायची ती भांडी घ्यायला कमी, नाव घालून घ्यायला जास्त. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त — हे सगळं अप्पा हातातल्या यंत्राने कर्र कर्र करत स्टीलवर, पितळेवर कोरायचे. अक्षर इतकं बारीक की चमच्याच्या दांड्यावर पूर्ण नाव बसायचं. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, एवढं बारीक कोण वाचणार?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "ज्याचा चमचा हाय, त्यो वाचंल."

अव्वा, म्हणजे आई, गेली, दुकान विकलं, आणि अप्पा नांदेडला माझ्याकडे आले. मी विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ पुण्याला. त्याच्यामुळे घरात सगळेच मला अक्का म्हणतात, अप्पाही.

अप्पांची जुनी गाडी फार खाली होती. बसताना ते पडल्यासारखे बसायचे आणि उतरताना दाराला लोंबकळायचे. नवी घ्यायची ठरली तेव्हा मी माझ्या सवयीप्रमाणे दोन महिने वाचत बसले, एक वही केली. सीट कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे चढावंही लागू नये आणि खाली कोसळावंही लागू नये. दार सताड उघडावं. समोरचे आकडे मोठे असावेत. एसीसाठी काचेवर बोटं घासत बसायला नको, हाताला लागतील अशी फिरती बटणं हवीत. क्लच नको, गुडघा दुखतो. मान मागे वळत नाही, म्हणून मागचं दाखवणारा कॅमेरा, आणि काही जवळ आलं की वाजणारं पीं पीं. शोरूममधल्या माणसाने छत उघडणारी गाडी दाखवली तेव्हा अप्पा म्हणाले, "छत उघडून काय करू, पापड वाळवू का?"

आम्ही घेतली त्या गाडीत आणखी एक सोय होती. ड्रायव्हरच्या दारावर एक आणि दोन अशी बटणं. आपली बैठक एकदा ठरवून नंबरावर टाकली की पुढे नुसतं बटण दाबायचं. सीट आपोआप तिथे जाऊन थांबते. एक नंबर मी अप्पांसाठी लावून दिला, दोन माझ्यासाठी. ते तीन-चारदा बटण दाबून लहान मुलासारखे पुढे-मागे झाले. "भांड्यावर नाव घातल्यागत झालं की गं हे. हे माझं, हे तुझं."

ते वाक्य मला नको तेव्हा आठवतं.

दर सोमवारी अप्पा एकटे लातूरला जायचे. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. रुद्रभूमीत अव्वा तशी बसलेली आहे. तिथे बेल वाहायचा, विभूती लावायची आणि संध्याकाळपर्यंत परतायचं. पहिले काही महिने पाचला घरी असत. मग सहा झाले. मग साडेसात. कुठे थांबलात विचारलं तर म्हणायचे, "बसलो होतो जरा."

कुणापाशी? कशाला? मी विचारलं नाही. मी मीटर बघितला.

हो, ते पूजेला बसले असताना मी खाली जाऊन मीटरवरचे आकडे लिहून घेऊ लागले. लातूरला जाऊन येण्याचं अंतर मला पाठ होतं. दर सोमवारी त्यात चाळीस किलोमीटर जास्त भरत होते. तुम्ही काय समजला असता? मी समजले की अप्पा घर बघत आहेत. लातूरच्या बाहेर, नव्या वस्तीत कुठेतरी. मग त्यांचं सगळंच मला खुणेचं वाटायला लागलं. त्यांनी फोन बाल्कनीत जाऊन घेणं. लातूरच्या हवेचं कौतुक. अव्वाची पितळी घागर "तिकडंच बरी होती" असं एकदा म्हणणं. एक दिवस ते पिशवी भरून जातील आणि या घरात पुन्हा माझ्या एकटीचं ताट — हे मला दिसायला लागलं.

भाऊ फोनवर म्हणायचा, "अक्का, अप्पा शहात्तरचे झाले. गाडी बंद कर त्यांची. काही झालं म्हणजे?" मी त्याला हो म्हणायची. नंतर स्वतःलाही मी हेच कारण सांगितलं. पण अप्पांच्या शेजारी मी कितीतरी वेळा बसले होते. ते उत्तम गाडी चालवायचे. गाडीला एक चरा नव्हता.

त्यांना समोर बसवून म्हणता आलं असतं, "अप्पा, जाऊ नका, मला एकटीला राहवत नाही." सात शब्द. ते माझ्याच्याने झालं नाही.

मग मी काय केलं?

रविवारी दुपारी बाराला अप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसत, पाऊण तास उठत नसत. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी खाली गेले, त्यांच्या सीटवर बसले, एक नंबर दाबला. सीट त्यांच्या जागी आली. मग मी ती एक बोट मागे घेतली आणि ती जागा एक नंबरवर टाकून दिली. गाडीने टुंग केलं — लक्षात ठेवलं म्हणून. वर येऊन मी भाजी फोडणीला घातली.

पुढच्या रविवारी आणखी एक बोट. असे पाच रविवार.

ज्याचा पाय ब्रेकवर पुरता टेकत नाही तो माणूस हायवेला काय करेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तो बसल्या बसल्या पुढे सरकवून घेईल, असं मी धरून चालले होते. त्यांना गाडीत काही होऊ नये म्हणून मी हे करत होते असं मानायचं, तर जे होऊ नये ते घडावं अशी सोय मीच करत होते. मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडावा.

दुसऱ्या सोमवारी निघताना ते खाली गफूरभाईंवर तडकले. गफूरभाई आमच्या बिल्डिंगचे वॉचमन, आठ-दहा गाड्या धुवायचं कामही करतात, अप्पांच्याच वयाचे. मी पर्स घेऊन जिन्यात उभी होते.

"आत कशाला बसता हो तुम्ही?"

"अप्पा, खुदा कसम, मी निस्ती बाहेरून धुतो. आत मला काय करायचंय?"

"मग सीट काय आपोआप सरकून राहिली?"

"तुमच्या गाडीचं तुम्हालाच माहीत, साहेब. एवढी बटनं हायेत, कोणतं तरी दाबलं असंल. माझ्या सायकलला एकच सीट, ती कधी हलत न्हाई."

अप्पा हसले नाहीत. "उद्यापासून राहू द्या धुवायचं," म्हणाले. गफूरभाईंनी फडकं पिळलं, बादली उचलली आणि वर माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ बघितलं. "उशीर होतोय," म्हणून त्यांच्या समोरून निघून गेले.

त्या आठवड्यात अप्पांनी ट्रंकेतून आपलं नाव घालायचं जुनं यंत्र काढलं. तुझ्या नव्या डब्यावर नाव घालतो म्हणाले. घातलंही. मला बरं वाटलं, वेळ जातोय त्यांचा.

चौथ्या सोमवारी रात्रीचं जेवण झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. तळहात डोक्यावर आडवा धरला.

"अक्का, माझी उंची कमी झाली का गं?"

मी ताटं उचलत होते. मी थांबले नाही. "वयाने होते थोडी, अप्पा," मी म्हणाले. "गाडीचं यंत्र काही चुकत नाही."

ते तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हाव. यंत्र न्हाई चुकत."

त्यानंतर आणखी एक रविवार आला, आणि मी पुन्हा खाली गेले. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो प्रश्न ऐकल्यावरही गेले.

सोमवारी त्यांनी किल्ली दिली. त्याच दिवशी गफूरभाईंना बोलावून गाडी परत धुवायला सांगितली. मला नवल वाटलं होतं — आता कसा विश्वास बसला? विचारलं मात्र नाही.

मग ते माझ्याकडेच राहिले. मला हवे होते तसे. सकाळी पेपर, दुपारी पूजा, संध्याकाळी बाल्कनी. दोनदा मी ड्रायव्हर करून त्यांना लातूरला नेलं. ते मागे बसले, पिशवीतला बेल मांडीवर धरून. "आणखी कुठे जायचं का?" मी विचारलं. "न्हाई," म्हणाले. घरात दोन ताटं होती आणि बोलणं जवळजवळ नव्हतं. मी समजले, वय झालं.

त्यांनाही अव्वाशेजारी ठेवलं. खड्ड्यात उतरलेले लोक त्यांना मांडी घालून नीट बसवत होते, आणि वरून कुणीतरी सांगत होतं, "थोडं मागं घ्या. आणखी बोटभर. हां, बास." मी मावशीच्या खांद्याला धरून उभी होते. तिला वाटलं मला भोवळ आली.

परत निघताना चन्नप्पाकाका जवळ आले. अप्पांच्या दुकानाशेजारी त्यांचं कापडाचं दुकान होतं; आता डोळ्यांनी दिसत नाही, नातवाचा हात धरून आले होते. म्हणाले, "दर सोमवारी मला गाडीत घालून औशाला न्यायचा बघ, चहा पाजायला. रस्त्यात काय काय दिसतंय ते सांगायचा. लई जीव लावला. मी म्हणलं, मल्लू, इकडंच ये की राहायला, घर बघू. तर म्हणला, न्हाई रे, अक्का एकटी पडंल."

औसा जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरेसं होतं. दोन महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला द्यायची म्हणून मी आतून पुसत होते. सीट पार मागे घेतली तेव्हा खाली, सीट जिच्यावर सरकते ती लोखंडी पट्टी उघडी पडली. तिच्यावर काहीतरी चमकलं. मी मोबाइलचा दिवा लावला आणि चष्मा काढून वाकले.

एक आडवी रेघ, तिच्याशेजारी कोरलेलं — म. शि. अप्पांची आद्याक्षरं. ही त्यांची जागा. तिच्या मागे, थोडं अंतर सोडून, एकेका बोटावर तीन रेघा. आधीच्या दोन रविवारांच्या रेघा नव्हत्या. तेव्हा त्यांचा संशय गफूरभाईंवर होता. गाडी धुणं बंद झालं तरी सीट सरकलीच, आणि दुसरी किल्ली घरात एकाच माणसाकडे होती. मग ते दर सोमवारी सकाळी, शहात्तराव्या वर्षी, पार्किंगच्या फरशीवर गुडघे टेकून एक रेघ मारत राहिले. रेघा मी तीन-तीनदा मोजल्या. चौकटीला पाठ लावून त्यांनी उंचीचं विचारलं, तेव्हा यातल्या दोन मारून झाल्या होत्या. त्यांना माहीत होतं. ते मला सांगायची संधी देत होते.

शेवटच्या रेघेपुढे बारीक अक्षरात, आहेराच्या भांड्यावर घालतात तसं, एकच शब्द होता. अक्काकडून.

ज्याचा असतो त्याने वाचला.

भावाला मी गाडी विकू दिलेली नाही. कारण सांगितलेलं नाही. गफूरभाई अजून ती धुतात, मला सलाम करतात. त्यांनाही सांगितलेलं नाही. मी दोन नंबर दाबून कॉलेजला जाते आणि येते. एक नंबर दाबला की सीट आजही शेवटच्या रेघेपाशी जाऊन थांबते.