विमलताईंनी निवडलेली खिडकी

कोल्हापूरला शाळेत जायला मी गडमुडशिंगीच्या स्टॉपवर उभी होते, तेव्हा विमलताईंच्या भावजयीचा फोन आला. “बाई, ताई गेल्या... झोपेतच गेल्या की.” मागून आलेली एसटी मी सोडली आणि तशीच माघारी फिरले. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. रडून झालं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला, पण ताईंनी केलेलं एक काम गावाबाहेर फार कुणाला माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ताई टेलिफोन खात्यात होत्या. गावात बायका सायकलवर बसायलाही लाजत होत्या, तेव्हा ही बाई शिडी लावून खांबावर तारा जोडायची. त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्या घरात शिकण्याला जेवणाइतकाच मान. निवृत्त झाल्यावर विहाराच्या अभ्यासिकेसाठी त्यांनी एका कचेरीनं टाकून दिलेले सहा संगणक मिळवले. जुनी यंत्रं नेहमीच्या प्रणालीवर धापा टाकायची. ताईंनी पुस्तकं वाचून, चुकत-माकत त्यांवर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली घातली. फुकटची आणि हलकी. गावातल्या बायका तिथं अर्ज, पत्रं, बचत गटाचे अहवाल टाइप करायला येऊ लागल्या.

आणि एका दुपारी घोळ झाला. कुणीतरी एक खेळ काढून टाकायला म्हणून काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा दिली. यंत्रानं लांबलचक इंग्रजी यादी दाखवून ‘चालेल का?’ असं विचारलं. न वाचता ‘हो’ गेलं. त्या खेळाबरोबर अख्खा डेस्कटॉपच पुसला गेला, पडद्यावर ना चित्र उरलं ना बटण. मग दुसऱ्या यंत्रावर तेच झालं. विहार समितीचे चिटणीस वैतागले. “ताई, ही खोकी भंगारात घालूया. तुमी हाय तवर चालंल, पुढं कोण बघणार?”

“खोकी बिघडली न्हाईत,” ताई म्हणाल्या. “आपण न वाचता व्हय म्हटलं. मला एक महिना द्या.”

लिनक्समध्ये प्रोग्राम बसवायला आणि काढायला चित्रं-बटणांच्या तयार खिडक्या मिळतात, दुकानाच्या फळीवर माल मांडावा तशा. अशा खिडक्या अनेक प्रकारच्या असतात. त्यातली एक निवडायची आणि सहाही यंत्रांवर तीच ठेवायची, असं ताईंनी ठरवलं. त्यांनी तीन यंत्रांवर तीन खिडक्या घातल्या आणि परीक्षेला मला, अंगणवाडीच्या छायाला आणि दूध संस्थेतल्या सखूबाईंना बसवलं. स्वतः मागं हाताची घडी घालून उभ्या. विचारलं तरी सांगायच्या नाहीत!

पहिली खिडकी देखणी होती. मोठाली चित्रं, चांदण्या. मला तीच आवडली. पण जुन्या यंत्रावर ती उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि कशाबरोबर काय जाणार हे ती नीट सांगायचीच नाही. दुसरी मधेच गप्प बसायची. तिसरी अगदी जुनाट, राखी रंगाची, नुसत्या याद्यांची. पण काहीही करण्याआधी ती थांबून दाखवायची, हे येणार, हे जाणार. सखूबाईंनी तिच्यात एक खेळ काढायला घेतला आणि यादी वाचून माउसवरचं बोट उचललं. “ताई, ह्येच्यासंगं लई काय काय जातंय. नको बाई.”

ताईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. “हीच घ्यायची. दिसायला कशी का असंना, इचारती तरी.”

एकच अडचण होती. त्या खिडकीतलं मराठी अर्धवट होतं, आणि होतं तेही कुणाला कळेना. बटणावर लिहिलेलं, ‘अधिष्ठापित करा’. मी मराठीची शिक्षिका. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ताई उसळल्या. “विहिरीवर मोटर बसवत्यात का अधिष्ठापित करत्यात? ‘बसवा’ लिव्हा की!” पुढचे चार महिने आम्ही दोघी शब्दांवरून भांडत होतो. ‘काढा’, ‘अडकलेलं’, ‘याच्यासोबत हेही जाईल’. प्रत्येक शब्द आधी सखूबाईंना वाचायला द्यायचा, त्या अडखळल्या की खोडायचा. शेवटी ताईंनी ते सगळं त्या खिडकीच्या कर्त्यांना पाठवलं. जगभर पसरलेली, पगार न घेता काम करणारी ती माणसं. काही आठवड्यांनी पुढची आवृत्ती आली. त्यात आमचे शब्द होते, आणि अनुवादकांच्या यादीत ताईंचं नाव. मी पेढे घेऊन धावत गेले, तर ताई चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बसलेल्या. “एक वेलांटी चुकलीय. आजच कळवते.” पेढा नंतर खाल्ला. दोन खाल्ले.

ती खिडकी आल्यापासून सहातलं एकही यंत्र पुन्हा तसं पुसलं गेलं नाही. भंगाराची गोष्ट काढणारे चिटणीस पावण्यांना मुद्दाम अभ्यासिका दाखवायला आणू लागले. “आमच्या ताईंनी केलंय,” असं म्हणताना त्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जायचा.

गेल्या रविवारी मी अभ्यासिकेत गेले. छाया कोपऱ्यातल्या यंत्रापाशी होती. भिंतीवर लावायला ताईंचा फोटो मोठा करून छापायचा होता आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम यंत्रावर नव्हता. तिनं तो यादीतून शोधला. सोबत काय काय येणार हे ओळीवर बोट ठेवून वाचलं. पासवर्ड विचारला गेला. तो ताईंनी हयातीतच आम्हा तिघींना देऊन ठेवला होता. छायानं तो न अडखळता टाकला. तरीही सवयीनं मी पुढं झाले, खुर्ची ओढून तिच्याशेजारी वाकले...

“बसा बाई निवांत,” पडद्यावरची नजर न हलवता छाया म्हणाली. “जमतंय मला.”