लंडनचा चढ

भूगोलात एकट्याने एवढे फेरफार केलेला माणूस आमच्या थोरल्या दिरांखेरीज, म्हणजे आबांखेरीज, उभ्या मावळात नसेल. त्यांच्या लेखी जगाला दिशा दोनच, चढ आणि उतार. औंढ्याहून लोणावळ्याच्या बाजाराला ते सायकलवरून जातात आणि चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावरही मध्येच उतरून सायकल ढकलू लागतात. विचारलं तर म्हणतात, "चोरटा चढ हाय. डोळ्याला दिसत न्हाई, मांडीला कळतो." उतारावर ब्रेक दाबणं मात्र त्यांना सायकलचा अपमान वाटतो, त्यापायी ते सायकलसकट भातखाचरात जाऊन आले आहेत. त्यांच्या मंगलला नागपूरचं स्थळ आलं तेव्हा बाकीच्यांनी मुलाचा पगार विचारला. यांनी विचारलं, गाव चढाला आहे की उताराला. पाहुण्यांना सांगता आलं नाही आणि ते स्थळ गेलं.

शेवटी मंगल लंडनला दिली. मुंबईहून सव्वासात हजार किलोमीटर, हे त्यांनी निमूट ऐकून घेतलं. पण विमानाला जायला साधारण दहा तास लागतात आणि यायला नऊ, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. अंतर तेच आणि वेळ वेगळी, म्हणजे लंडन घाटावर आहे. खोपोलीहून वर येणाऱ्या एसटीचं तरी दुसरं काय असतं? मी तळेगावात शाळेत भूगोल शिकवते. वर आकाशात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, जाताना तो समोरून अडवतो आणि येताना मागून ढकलतो, हे मी पोळ्या करता करता लाटण्याचं विमान करून समजावलं. ते म्हणाले, "वारं खंडाळ्यात बी लागतंय. येश्टीला उशीर चढानंच व्हतो."

यंदा मंगलचं बाळंतपण जवळ आलं. जाऊबाई हयात नाहीत, म्हणून मी सुट्टी काढली आणि आबांनीही यावं असं ठरवलं. ते गुडघे दाखवू लागले. एवढा चढ झेपायचा नाही म्हणे. चढणार आहे ते विमान, तुम्ही नुसतं बसायचंय, असं सांगूनही हलेनात. मग एकदा फोनवर मंगल एवढंच म्हणाली, "आबा, तुम्ही असलात की मला भीती नाही वाटणार." फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "वर थंडी आसंल न्हवं?" मी दुसऱ्याच दिवशी स्वेटर आणला.

जाताना सगळी वाट ते पुढे वाकून बसले. मागे रेललं तर विमानाला जड जाईल, ही काळजी. समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर कमी होत होते, आणि शेजारच्या गोऱ्या बाईलाही त्यांनी खुणा करून थोडं पुढे सरकायला लावलं होतं.

नात झाली. आम्ही तिथे होतो तोवर ती आबांच्या मांडीवरून फारशी उतरलीच नाही.

परतीच्या विमानात पडद्यावरची वेळ भराभर घटू लागली. आता "म्हनलं न्हवतं?" ऐकावं लागणार, म्हणून मी तयारीतच होते. पण पाहिलं तर आबा पाठ सीटला घट्ट टेकवून, दोन्ही पाय खाली रोवून बसलेले.

"पाय दुखतात का, आबा?"

"न्हाई गं. उतार लय हाय," ते म्हणाले. "बिरेक लागतोय का बघतो."

वाऱ्याचं परत समजावण्यात अर्थ नव्हता. मीही पाय जरा रोवून बसले.