रिंग खाली येईपर्यंत

माझ्या नातीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. बाकी सगळे तिला भिंगरीच म्हणतात. चालायला लागल्यापासून ती सरळ कधी चाललीच नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तरी वाटेत एक गिरकी. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, दवाखान्यात परिचारिका आहे. एकदा ड्युटी संपवून घरी आली आणि फुटलेले तुकडे गोळा करत म्हणाली, "बाबा, हिला कुठेतरी गुंतवा हो. कपबशा संपत आल्या." म्हणून मी तिला शाळेमागच्या हॉलमध्ये नेऊन सोडलं. तिथे एक ताई रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकवत. हा खेळ आहे की नाच, हे मला पहिले काही महिने कळलंच नाही.

मुलगी मॅटवर संगीताच्या तालावर हलते आणि तिच्यासोबत कमरेएवढी मोठी रिंग, चेंडू, फीत असं काहीतरी हलतं, एवढंच वरवर दिसतं. त्यातलं जिवावरचं काम रिंगचं. ती उंच फेकायची, तिच्यावरची नजर काढायची, खाली दोन कोलांट्या घ्यायच्या आणि उठताना नेमकी झेलायची. शोधत बसायला वेळ नसतो. रिंग कुठे उतरणार हे अंगालाच माहीत असावं लागतं.

आमच्या हॉलचं छत ठेंगणं होतं आणि वर वाचनालय. रिंग छताला लागली की वरून कोणीतरी टाचेने ठोके देई. त्यामुळे ताईंनी शिकवण्याची वाटणी केली होती. उंच फेक बाहेर मैदानात, पण तिथे खडी, म्हणून कोलांट्या नाहीत. कोलांट्या आत मॅटवर, पण तिथे फेक बेताची. बाहेर भिंगरी उभ्या उभ्या झेलायची. आत मात्र पंख्याच्या उंचीवरून रिंग खाली यायच्या आत दोन कोलांट्या उरकाव्या लागत. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी शेवटी ती इतक्या झपाट्याने वळायची की मला तिचे हात कुठले आणि पाय कुठले ते दिसत नसे. मी बाकावर बसून राहायचो. मांडीवरचं वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं घरी यायचं.

लहान गटात ती हॉलमधल्या त्या बेताच्या फेकीवरच दोनदा परदेशी खेळून आली. पदक नाही, पण लोक विचारू लागले, ही कोण म्हणून. मोठ्या गटात गेल्यावर परीक्षकांनी सांगून टाकलं की फेक बुटकी आहे, तिला गुण नाहीत. मग संघटनेचा निरोप आला. पुढच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रिंगच्या अंतिम फेरीत आली तर देशाच्या संघात राहील, नाहीतर तिची जागा दुसरीला. अंतिम फेरीत आठच जणी घेतात. आमच्या घरात त्यानंतर या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. मीठ मागतानासुद्धा आम्ही जपून मागत होतो.

तिच्या आईला रजा मिळाली नाही, म्हणून तिच्या आणि ताईंच्या सोबत मी गेलो. तिथल्या सभागृहात पाऊल ठेवलं आणि मान आपोआप मागे गेली. दिवे कुठेतरी लांब वर, छत त्याहून वर. भिंगरी मॅटवर उताणी पडून किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, इथे वरून कोणी ठोकणार नाही."

सरावात घोळ कळला. तिने रिंग मनासारखी उंच फेकली, दोन कोलांट्या घेतल्या, उठली, आणि रिंग अजून वरच. ही खाली हात पसरून उभी, बसची वाट बघावी तशी. वाट बघणारं अंग डगमगतं. रिंग मनगटावर आपटून लांब पळाली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ताई म्हणत, जरा हळू वळ. पण हळू वळणं तिच्या अंगाला कधी शिकवलंच नव्हतं. हळू गेली की कोलांटी वाकडी व्हायची. शेवटी ताईंनी हात टेकले. फेक खाली आण, गुण गेले तर जाऊ देत, रिंग तरी हातात राहील, असं त्यांनी बजावलं. भिंगरीने मान हलवली. तिने मान हलवली म्हणजे तिला पटलं असं नसतं.

स्पर्धेत तिने सुरुवातीच्या फेकी सांगितल्यासारख्या केल्या. सगळ्या झेलल्या. परीक्षकांचे चेहरे मख्ख. एवढ्यावर ती आठांत बसणार नाही, हे मलासुद्धा समजत होतं.

शेवटची फेक गेली ती थेट दिव्यांकडे. माझ्या शेजारी ताई अगदी हळू "अगं बाई" म्हणाल्या. एक कोलांटी झाली, दुसरी झाली. आता ती उठणार आणि थांबणार. पण ती उठलीच नाही. तिने तिसरी घेतली. तिच्यातून ती उलगडत वर आली, हात मागे गेला आणि रिंग त्या हातात येऊन बसली. धावपळ नाही, ओढाताण नाही. ती आणि रिंग ठरवून एकाच क्षणी तिथे पोचल्यासारखी. माझे हात टाळी वाजवायला वर आले आणि तसेच राहिले.

ती बाहेर आली तेव्हा ताईंना रागवावं की जवळ घ्यावं ते कळेना.

"कधी ठरवलंस हे?"

"फेकल्यावर."

"रिंग हवेत असताना?"

"खूप वेळ होता ना, ताई."

गुण आले तेव्हा ती पाचवी होती. मग एकेक मुलगी खेळत गेली आणि फलकावर ती सरकत सरकत आठवीवर आली. एक जण उरली होती. ती सुरेख खेळली, भिंगरीने तिच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. मी फलकाकडे बघू शकलो नाही, ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो आधी आक्रसला, मग सैल झाला. ती मुलगी नववी आली होती.

भिंगरीने आईला फोन लावला. "राहिले गं संघात," एवढंच बोलली आणि नुसती ऐकत उभी राहिली. पलीकडे आई रडत असावी.

अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी होती, आणि ती तीन कोलांट्यांची फेक भिंगरीने जन्मात एकदाच केली होती. ताईंनी तिला तसंच सरावाच्या मॅटवर नेलं. तिने रिंग वर सोडली, तीन कोलांट्या घेऊन झेलली, पुन्हा सोडली. बाजूच्या मॅटवर देशोदेशीच्या मुली सराव करत होत्या. त्या एकेक करून थांबल्या आणि आपापली रिंग छातीशी धरून बघत राहिल्या.