हळदीचा पिवळा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून मी वसमतमध्ये पोट भरतो, आणि खरं सांगतो, गिऱ्हाइकांनी माझं डोकं पार खाल्लंय. ज्याला त्याला भडकच पाहिजे. रंग हद्दीपुढे ताणला की साडीच्या चुण्या, गालावरची सावली सगळं पुसून जातं, नुसता रंगाचा थर उरतो, हे सांगून सांगून मी थकलो.

डोंगरकड्याच्या एका लग्नाचा व्हिडिओ करताना नवऱ्याचा थोरला भाऊ माझ्या खुर्चीशेजारी ठाण मांडून बसला. उष्टी हळद आमच्या वावरातली होती, ती पिवळीजर्द दिसू दे, हा त्याचा हट्ट. सगळ्या चित्राचा पिवळा चढवला तर नवरीचं तोंडही पिवळं होणार. म्हणून मी तिचा चेहरा वेगळा केला, त्याचा रंग होता तसा ठेवला आणि फक्त पिवळी साडी, हळदीची ताटं तेवढी चढवली. अख्खी दुपार त्यात गेली. तरी हा म्हणतो, अजून थोडं वाढवलं असतं तर काय बिघडलं असतं. मी दात खाऊन व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकला.

पुढच्याच आठवड्यात नवरीचे वडील, आमच्या वसमतचेच, दुकानात आले, तोंड उतरलेलं. सासरच्यांनी व्हिडिओ बघितला आणि पोरीचे डोळे पिवळे दिसले म्हणून गहजब केला. कावीळ लपवून पोरगी गळ्यात मारली म्हणे. रक्त तपासलं, काही निघालं न्हाई, तरी विश्वास न्हाई. बॅग भरून ठेवलीय, आजच घेऊन जा, असा निरोप होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच व्हिडिओ मी त्यांना माझ्या कॉम्प्युटरवर दाखवला, तर डोळे स्वच्छ पांढरे. मग त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि तडक डोंगरकडा गाठलं.

बैठकीत भिंतभर नवा टीव्ही. तोही पोरीच्या बापानंच दिलेला. रिमोट घेऊन बघतो तर टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक भुलवायला ठेवतात ती भडक सेटिंग तशीच चालू. हळदीची जी किंचित झाक माझ्या कॉम्प्युटरवर दिसतही नव्हती, ती टीव्हीनं चढवून ठेवलेली. मी सेटिंग साधी केली. सगळ्यांच्या देखत पडद्यावरच्या नवरीचे डोळे पांढरे झाले.

मग मी तोंडाला येईल ते बोललो. ह्या टीव्हीत बातम्या सांगणारी बाईसुद्धा पिवळीच दिसत असेल, तिलाही कावीळ झाली का, म्हणून विचारलं. सासू पदर सावरत म्हणाली, आमाला काय म्हाईत टीव्हीचं. थोरला भाऊ रिमोट उलटासुलटा करून बघत बसला. माफीचा एक शब्द निघाला नाही कुणाच्या तोंडून, नालायक लेकाचे.

वडिलांचा जीव मात्र भांड्यात पडला. मिटलं सगळं, बॅग आत नेऊन ठेव, असं ते पोरीला म्हणाले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यासमोरच फिरून राहिले, बाबा," ती म्हणाली. "दोन्ही टाइम वाढून राहिले. माझ्या डोळ्यात एकानंबी बघितलं न्हाई. टीव्हीत बघितलं."

नवरा तेव्हाही टीव्हीकडेच बघत होता. तिनं बॅग उचलली आणि मला विचारलं, वसमतची एसटी किती वाजता हाय.